पाठीला पाठ लावून

काल दुकानात एक पावणे आले. मी आळेफाट्याला फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करते, दिवसभर वाढदिवस, दशक्रिया आणि हार्दिक अभिनंदन. ह्यांना पोराच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिजे होता. म्हणाले, "ताई, मागं नदी टाका, झाडं टाका, एकदम हिरवंगार करून टाका."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिरवं म्हंजी कुठलं हिरवं?"

पावणे बघतच राहिले. "हिरवं म्हंजी हिरवं. त्याच्यात अजून काय आसतं?"

मी हसले, कॉम्प्युटरमधली एक तयार नदी उचलली, लावून दिली. ते खूश होऊन गेले. पण मला नंतर काही सुचेना. कारण ते वाक्य माझं नाहीच, ते हांडे सरांचं आहे. सर म्हणजे आम्हाला शाळेत चित्रकला शिकवायचे ते. बोरी बुद्रुकला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आहे. गेल्या रविवारी मी त्यांना नदीवर जसं बघितलं ते डोक्यातनं जातच नाहीये, म्हणून डबा बाजूला ठेवून टाईप करतेय. मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आधी सर कसे आहेत ते सांगते. उंच, वाळके, रिटायर झालेले, गुडघे पार गेलेले. उजव्या हाताच्या नखांत कायम हिरवं, लग्नाला गेले तरी हिरवं. अंगाला टर्पेंटाईनचा वास, इतका की एसटीत त्यांच्या शेजारची सीट रिकामीच राहायची. सर म्हणायचे, "बघ, मला रिझर्वेशन लागत नाय." चहा पितानासुद्धा हातात ब्रश. टर्पेंटाईनच्या डबीत बुडवायचा तो कितीतरी वेळा चहात बुडवलाय. म्हणून सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनी, चहाच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधून टाकला. दोरा दिसला म्हणजे चहा. तरी एकदा बुडालाच. काकू ओरडणार तेवढ्यात सर कपात बघून म्हणाले, "थांब, ओतू नको. हाच हिरवा मला सापडत नव्हता." आणि कप घेऊन गेले आत, रंग मिसळायला. काकू आमच्या आईला म्हणाल्या, "वैनी, कुनाच्या नवऱ्याला दारू लागती, माझ्याला हिरवं लागलंय."

शाळेत निसर्गचित्र काढा म्हटलं की आमच्या सगळ्या वर्गाचं एकच चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, सूर्याच्या पोटातनं नदी, नदीत होडी. सर एकेकाची वही उचलायचे.

"ही कुठली नदी रं?"

"सर, आपली."

"आपल्या नदीत होडी कधी बघितली तू?"

"नाय सर."

"मग ही कुणाची? मामाची का?"

माझ्या काठावरच्या गवताला मी पेटीतला पोपटी लावला होता. सरांनी बोट ठेवलं. "हिरवं म्हंजी कुठलं हिरवं हे?" मी म्हटलं पोपटी. "पोपट कुठंय?" वर्ग हसला. मला रडू यायला लागलं. मग सर सगळ्या वर्गाला नदीवर घेऊन गेले आणि म्हणाले, रंगाचं नाव घ्यायचं नाय, वस्तूचं नाव घ्यायचं. पलीकडची बाभळ कशासारखी हिरवी? एक पोरगा म्हणाला शेवाळासारखी. एक पोरगी म्हणाली कढीपत्त्याच्या उलट्या बाजूसारखी. मी म्हणाले, पावट्याच्या शेंगेसारखी, पण ताज्या नाही, दोन दिवस टोपलीत राहिलेल्या. सरांनी नुसती मान हलवली. तेवढ्यावर मी महिनाभर हवेत होते.

ट्यूबमधला तयार हिरवा ते वापरतच नाहीत. पिवळा घेणार, निळा घेणार, त्यात ब्रशच्या टोकाएवढा तांबडा, आणि चाकूनं घोळत बसणार. दहावीच्या निरोपसमारंभाला आम्ही वर्गणी काढून त्यांना काय दिलं असेल? हिरव्या तैलरंगाची ट्यूब. आम्हाला काय कळतंय! सरांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. "पोरांनी दिलीय, टाकता येत नाय. वापरताबी येत नाय. मग देवाला दिली." अजून तिथंच आहे, सीलबंद, आणि काकू बाकीच्या देवांबरोबर तिलाही रोज कुंकू लावतात.

तैलरंग वाळायला लई दिवस लागतात. आमच्याकडं पावसाळ्यात तर महिना महिना बोट लावलं की रंग बोटाला. घरात ठेवलं तर वाळत नाही, बाहेर ठेवलं तर धूळ बसते. सरांनी जागा कुठली शोधावी, तर कांद्याची चाळ. खालनं वरनं वारा खेळतो, ऊन लागत नाही, कांदा सडत नाही तिथं चित्र कशाला सडतंय? मग निम्म्या चाळीत कांदा आणि निम्म्या चाळीत कुकडी नदी. कांद्याची सालपटं उडून ओल्या रंगाला चिकटायची. सर काढायचे नाहीत. "वाळलं पान हाय ते, राहू दे." एकदा माल बघायला मंचरचा व्यापारी आला, चाळीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, वरचा माल ठेवा तुमाला, खालचा दाखवा."

आणि हॉटेलवाल्याची गोष्ट तर सांगायलाच पाहिजे. आळेफाट्याच्या एका हॉटेलवाल्यानी फॅमिली सेक्शनसाठी सरांकडून मोठं चित्र करून घेतलं. नदीकाठ, हिरवागार, बसल्यावर माणसाला गार वाटलं पाहिजे. सरांनी नदीकाठ दिला. त्यात आपल्या काठावर असतं ते सगळं होतं, जलपर्णी, विहिरीवरची मोटार, आणि काठावरून चढत गेलेले काळे पाईप.

हॉटेलवाला म्हणाला, "सर, लई भारी. फक्त ते पाईप काढा की."

"पाईप काढले तर हिरवं कुठनं येईल?"

"अहो, चित्रात यील की!"

"चित्रात बी पाणी लागतं," सर म्हणाले आणि उठून आले. हॉटेलवाल्यानी चित्र लावलं, पण पाईपांच्या बरोबर पुढं आईस्क्रीमचा फ्रीज उभा केला. सर कधी तिथं गेले की कुल्फी मागायचे, फ्रीजच्या कडेला जाऊन उभे राहायचे आणि मान तिरकी करून मागचे पाईप बघून यायचे. कुल्फी काकूंना द्यायचे.

आता नदीवरचं सांगते. रिटायर झाल्यावर सरांनी एक मोठा कॅनव्हास ताणला आणि ठरवलं, आता हे एकच. आयुष्यभर नदी काढली, पण एकदाही ती बरोबर आली नाही, ह्यात आणायची. जागा ठरलेली. गावाखाली काठाला एक सपाट खडक आहे, समोर कुकडी, मागं ऊस. दुपार कलली की सूर्य मागं उसावर येतो आणि सगळा उजेड समोर नदीवर पडतो. तेवढा वेळच सरांचा. रोज तेवढ्यासाठी बसायला स्टूल, चित्राचा स्टँड, रंगाची पेटी घेऊन उतरायचं.

आणि मागं ऊस म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांना सांगते. बिबट्या. आम्ही वाघच म्हणतो. तो आता डोंगरात राहत नाही, उसात जन्मतो, उसात वाढतो, ऊस तुटला की शेजारच्या उसात जातो. वनखात्याची माणसं येऊन सांगतात, उसाकडं पाठ करू नका, खाली बसू नका, वाकू नका, एकटं जाऊ नका, आवाज करत राहा. बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. आता सांगा, चित्रकार काय करतो? एकटा जातो, उसाकडं पाठ करतो, वाकून बसतो आणि तोंडातून शब्द काढत नाही.

शेजारच्या वस्तीवर खुरपणाऱ्या एका बाईच्या मानेवर वाघानं झडप घातली. वाचली ती, पण तेव्हापासून बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रानात जायला लागल्या. गावातली चारदोन माणसं सरांकडं आली.

"सर, तुमी मोबाईलवर फोटो काढा नदीचा, आन घरी बसून रंगवा ना राव."

"मोबाईलला सगळं एकच हिरवं दिसतं."

"पन तुमचं काय बरंवाईट झालं म्हंजी?"

"म्हंजी चित्र अर्धं राहील."

"अहो, चित्राचं काय घिऊन बसला!"

तेव्हा काकू भाकरीच्या पिठाच्या हातानी बाहेर आल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना. मी जाते संगं."

असं ते सुरू झालं. दोघं खडकावर पाठीला पाठ लावून बसायचे. सरांचं तोंड नदीकडं, काकूंचं उसाकडं. काकूंच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, मांडीवर स्टीलची थाळी आणि उलथनं, पायाशी त्यांचं कुत्रं टिकल्या. काकू सगळ्यांना पट्टा दाखवायच्या. "मंगळसूत्रावर हा दागिना केलाय सरांनी मला." आवाज करत राहायचं, पण सरांना गाणी चालायची नाहीत, मग काकू फोनवर बोलायच्या. मंचरला दिलेली मुलगी, ओतूरची बहीण, सगळ्यांशी, मोठ्यांदा. गावातल्या सगळ्या भानगडी त्यांनी उसाला सांगितल्यात. आम्ही म्हणायचो, काकू, वाघाला आता सगळ्यांची सोयरिक पाठ झाली असेल. तर म्हणायच्या, "व्हय की, परवा एक स्थळ बी सुचवून गेला."

मजा वाटायची आम्हाला. एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नाही. सूर्य मागं असायचा ना, तो सरांच्या मागं. काकूंच्या तो तोंडासमोर. त्या सगळा वेळ उन्हाकडं बघत, डोळे बारीक करून, उसाच्या पानापानात बघत बसायच्या. घरी आल्या की ओला फडका डोळ्यांवर ठेवून पडायच्या.

आणि दोघांत एक ठरलं होतं. ठरवलं सरांनीच. म्हणाले, "तू आरडू नको एकदम, माझा हात हालतो. काय दिसलं की नुसती उभी राहा. मला पाठीला कळतं. तू उठलीस की मी उठलो. दोघं उभे राहिलो की ते जनावर जातं." काकू म्हणाल्या बरं.

गेल्या थंडीतली गोष्ट. मी सुट्टीवर घरी होते, अंगणात आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. फाटकातनं काकू आल्या. पट्टा गळ्यातच. आल्या त्या सरळ ओट्यावर बसल्या, पाणी दिलं तर घेतलं नाही.

आई म्हणाली, "काय झालं ओ? सर कुठायत?"

"हायत की. येत्याल. सामान आवरत्यात." मग म्हणाल्या, "टिकल्याला नेला."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

काकू सांगायला लागल्या, आवाज एकदम सपाट, जसं दुसऱ्याच कुणाचं सांगतायत. "फोनची ब्याटरी गेलती. गप बसले व्हते. तर उसाच्या तोंडाला आला आन बसला. मांजर बसतं तसा. माझ्याकडं बघाय लागला. मी उठले, वैनी. ठरल्यालं तसं उठले. थाळी वाजवायची तर हातच उठंना. आवाज काढाय गेले तर घशातनं हवा निघती नुसती. म्हनलं, आता हे उठत्याल. पाठीला कळंल त्यांच्या. तर म्हनले…"

आईनं विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हनले, सावली पडतीय, बस खाली."

मी उभीच होते, मी पण खाली बसले.

"आन मी बसले, वैनी. हे बघा, मला त्याचंच लई वाटतंय. वाघ पुढं, आन मी बसले. एवढ्या वर्षांची सवय, त्यांनी म्हनलं बस की बसते. मी बसले तसा तो उठला. मी शेळीएवढी झाले ना. टिकल्या मधी गेला म्हनून. न्हाईतर…"

सर मागं वळले ते टिकल्या केकाटला तेव्हा. तोपर्यंत तिथं काही नव्हतं, नुसता ऊस हलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पिशवी घेऊन एसटीनं मंचरला मुलीकडं गेल्या. भांडल्या नाहीत. जाताना आमच्याकडं दुधाचं सांगून गेल्या, आणि पट्टा सरांच्या खुंटीला अडकवून गेल्या.

सुरुवातीला सर आम्हाला म्हणायचे, "तिनं बोलायला पाहिजे व्हतं. मला काय म्हाईत वाघ व्हता?" कुणी भेटलं की हेच. दुकानात, देवळात, रस्त्यात. एकदा आईला म्हणाले. आई त्यांना जेवायचं ताट द्यायला गेली होती. आई म्हणाली, "सर, ती उभी राहिली व्हती ना?" सरांनी ताट घेतलं. त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

नदीवर जाणं बंद. वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावला, काही सापडलं नाही. सर दिवसभर चाळीत बसायचे, त्या मोठ्या कॅनव्हाससमोर. मी एकदा डबा द्यायला गेले तर म्हणाले, "ये, हे बघ." चित्र, राव, खरंच काय झालं होतं! पाण्यावरची जलपर्णी वेगळी, काठावरचं गवत वेगळं, बाभळीच्या सावलीतलं वेगळं, सगळी हिरवी आणि एक दुसऱ्यासारखं नाही. फक्त डाव्या काठाला हाताच्या पंजाएवढा एक डाग होता. फिका, भडक. थेट पोपटी. सगळ्या चित्रातनं तोच पुढं यायचा.

मी म्हटलं, "सर, हे…?"

"सावलीत मिसळलेला रंग हाय तो. सावली पडली की मिसळायच्या पाटीवरचा रंग काळा दिसतो, मग माणूस उजळ करत बसतो. सावली गेली की कळतं, फिका झाला." बोट डागापाशी नेलं, लावलं नाही. "ती उभी व्हती तेवढ्या वेळात एवढा लावला मी. एवढा वेळ उभी व्हती ती."

"बदलायचा नाही का?"

"नाय."

मग एक दिवस सर दुकानात आले, चित्र घेऊन. बोरीपासून आळेफाट्यापर्यंत टेम्पोत उभे राहून, चित्र दोन्ही हातांत धरून आले होते. म्हणाले, मंचरला न्यायचंय, गुंडाळून दे. रंग अजून ओला. चार कोपऱ्यांना काड्यांचे तुकडे लावले, वरून वाया गेलेला एक फ्लेक्स ताणला, रंगाला टेकणार नाही असा. त्या फ्लेक्सवर कुणाची तरी बिनविरोध निवड झाली होती, हार घातलेला मोठा चेहरा. एसटी स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "काका, पुढाऱ्याचं तिकीट काढा." सर हसले नाहीत. एरवी ते असलं बोलणं सोडणारे नव्हते. मला म्हणाले, "ती बघंल ना गं?" मी म्हटलं बघतील की. माझ्याकडून दुसरं काय बोलायला येणार?

पुढचं काकूंनीच नंतर सांगितलं. मुलीच्या घरात सरांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. काकू लई वेळ बघत होत्या. जिच्या काठावर त्या रोज बसल्या, ती नदी त्यांनी अशी पहिल्यांदाच बघितली, कारण रोज तिच्याकडं पाठ. बघितलं, जवळ गेल्या, परत मागं आल्या. मग विचारलं,

"ऊस कुठाय?"

सर म्हणाले, "ऊस मागं व्हता ना गं."

"तुमच्या मागं. माझ्या पुढं व्हता."

सरांनी चहा घेतला म्हणे. चित्र तिथंच ठेवलं, फ्लेक्सची घडी काखेत घातली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

दुसऱ्या दिवसापासून सर पुन्हा खडकावर. सगळ्या गावानी कपाळाला हात लावला. पण ह्या वेळी स्टूल नेलं नाही. स्टँड उलटा फिरवला, नवा कॅनव्हास लावला आणि उसाकडं तोंड करून उभे राहिले. काकूंच्या जागेवर, ऊन डोळ्यांत घेत, त्या गेलेल्या गुडघ्यांवर. पायाशी थाळी आणि उलथनं. आता मागं नदी. आईनं त्याच संध्याकाळी मंचरला फोन लावला. काकू एवढंच म्हणाल्या, "टोपी घातली का त्यांनी? ऊन डोळ्यावर येतं तिथं."

टोपी नव्हती घातली. आठवड्यानी काकू आल्या, पिशवी घेऊन, एसटीनं, गेल्या तशाच. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही, मला तरी ऐकू आली नाही, आणि मधली भिंत काय एवढी जाड नाही. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून खडकावर गेले.

आता गेल्या रविवारचं. मी काकूंना आईचा निरोप द्यायला खाली गेले होते. वरच्या बांधावरनंच दोघं दिसले. पाठीला पाठ, पण उलटी. सर उसाकडं तोंड करून उभे. काकू खडकावर बसलेल्या, तोंड नदीकडं, मांडीवर सूप, वाटाणा सोलत होत्या. गळ्यात पट्टा नव्हता. तो सरांच्या गळ्यात होता.

मी जवळ गेले. सरांचा कॅनव्हास बघितला. कोरा होता. नुसता पांढरा, कोपऱ्यात एक पेन्सिलीची रेघ. पाटीवर पिवळा आणि निळा काढून ठेवलेला, त्याच्यावर साय धरलेली. हातात ब्रश नाही, थाळी.

मी हळूच काकूंना विचारलं, "काही काढलं नाही सरांनी?"

"नाय. रोज उभं राहत्यात नुसतं." वाटाणे सुपात टाकत म्हणाल्या, "म्हनत्यात, कागदाकडं बघाय लागलं की उसावरनं नजर हालती."

सरांनी मान वळवली नाही. मी आलेय हे त्यांना कळलं का तेही माहीत नाही. उसाकडं बघत म्हणाले, "आज पाणी कसंय?"

"हिरवं हाय," काकू म्हणाल्या.

"हिरवं म्हंजी कुठलं हिरवं?"

काकू थांबल्या. शेंग बोटात तशीच धरून नदीकडं बघितलं, चांगलं बघितलं. "आपल्या जुन्या घराच्या दाराला रंग व्हता बघा. आन खालनं पोपडे सुटलेले. तसं. मधी मधी लाकूड दिसल्यागत."

सरांचे ओठ हलले तेवढे, दार, दार, असं काहीतरी. पण नजर उसावरच.

मी निरोप दिला, जायला वळले. तेवढ्यात काकूंचा वाटाणा सोलून झाला आणि त्या सालपटं झटकायला उठल्या. नुसत्या उठल्या. आणि सरांनी थाळी बडवायला सुरुवात केली. एकदम, जिवाच्या आकांतानं, उलथनं थाळीवर आपटत, दोन पावलं उसाकडं पुढं, दुसरा हात मागं पसरून काकूंना आडोसा केल्यासारखा. स्टँड आडवा झाला, कॅनव्हास खडकावर पडला. उसातनं बगळे उडाले.

"अहो! अहो, सालपटं झटकतीया मी!"

ऐकू जाईना. नुसता थाळीचा तो आवाज. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुन्हा काय सांगणार होत्या कोण जाणे, पण त्यांनी उसाकडं बघितलं, रिकाम्या उसाकडं, लई वेळ, डोळे बारीक करून. मग म्हणाल्या,

"गेला."

सरांचा हात थांबला. "गेला?"

"गेला. बसा आता."

सर बसले. मग काकू पण बसल्या, पाठीला पाठ लावून, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. त्यात सोलायला काहीच उरलं नव्हतं.